शालिग्रामभाऊंच्या नावावर

१

मे महिन्यात जळगावच्या रस्त्यांवर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी समाधान पाटील ऑफिसात बसून झाडलोट करत असे.

झाडलोट हा त्यांच्या ऑफिसातला शब्द. पिंप्राळ्यात टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर मननशेठची छोटी कंपनी होती. डाळमिलवाले, कापसाचे जिनिंगवाले, दोनचार दवाखाने, अशा गिऱ्हाइकांचा कॉम्प्युटरचा कारभार ती क्लाउडवर सांभाळायची. क्लाउड म्हणजे तरी काय, कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या अवाढव्य यंत्रांतून भाड्याने कापून घेतलेली मशीनं. ती दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण चालतात. प्रत्येक मशीनला एक डिस्क जोडलेली असते, ती तिची कोठी. गिऱ्हाईक मशीन बंद करून मोकळं होतं आणि कोठी मागे राहते, भरलेली आणि कुणाचीच नसलेली. अशा बेवारस डिस्क हुडकायच्या आणि पुसून टाकायच्या, ही झाडलोट.

पण एक मेख होती. पुसण्याआधी सिस्टिम मालकाला विचारायची. प्रत्येक डिस्कला एक मालक लावावा लागे आणि त्याला दर महिन्याला मेल जाई, की बाबा ठेवायची का काढायची. मालक गप्प बसला तर डिस्क जाई. आणि मालक जिवंत असेल तर तो हमखास गप्प बसे, मग दोन महिन्यांनी उगवून आमचा डेटा कुठे गेला म्हणून डोकं खाई. त्यावर ऑफिसने एक तोड काढली होती. ज्या डिस्कबद्दल शंका असेल ती शालिग्रामभाऊंच्या नावावर टाकायची.

शालिग्रामभाऊ हयात नव्हते, हीच तर त्यातली सोय होती. ते कंपनीतले सगळ्यात जुने माणूस. मागच्या खोलीत खरेखुरे लोखंडी सर्व्हर घरघरत असायचे त्या काळातले. रोज आल्या आल्या ते एकेका सर्व्हरला उलटा हात लावून बघायचे, पोराचा ताप बघतात तसा. फेकायचं म्हणून त्यांच्या हातून काही सुटत नसे. सुतळी, खोकी, तुटके कीबोर्ड, सगळ्यावर एकच उत्तर, "राहू द्या, लागेल." सगळं क्लाउडवर गेलं तेव्हा मागची खोली रिकामी झाली आणि भाऊ दिवसभर तिच्या दारात उभे राहायला लागले. "आता हात कुठे लावायचा?" असं त्यांनी समाधानला एकदा विचारलंही होतं. त्याच उन्हाळ्यात ते गेले. सिस्टिममधलं त्यांचं नाव मात्र कुणी काढलं नाही, कारण ते काढलं असतं तर अर्ध्या डिस्क उघड्या पडल्या असत्या. त्यांच्या पत्त्यावर जाणारे मेल ऑफिसातली तहरीम उघडायची आणि सरसकट 'ठेवा' दाबून टाकायची. भाऊ कशाला नाही म्हणत नाहीत, असं सगळे हसून म्हणत.

समाधानचीही एक डिस्क त्या नावावर होती. धुळ्याला देवपुरात त्याचे वडील, वना आबा, एकटे राहायचे. आई गेल्यावर समाधानने बैठकीत एक कॅमेरा बसवला होता आणि त्याचं चित्रण ऑफिसच्याच क्लाउडवर एका डिस्कमध्ये साठत होतं. घरचं काही ऑफिसच्या जागेत ठेवायला मननशेठची सक्त मनाई. म्हणून डिस्कचं नाव 'देवपूर', मालक शालिग्राम. आठवडा आठवडा त्याचं धुळ्याला जाणं होत नसे, पण दिवसातून दोनदा तो मोबाइलवर आबांना बघायचा. आबा खुर्चीत बसलेले दिसले की झालं. नाव समाधान असलं तरी स्वभावात त्याचा पत्ता नव्हता. एवढ्या एका चित्राने त्याचा जीव जरा खाली बसे.

२

त्या दिवशी चहाच्या वेळी तो तहरीमला सहज म्हणाला, "भाऊंच्या डिस्क तू यावेळी बघून ठेवलेल्या दिसतात. निम्म्या काढल्यास, ते बरं केलंस."

तहरीमने कप खाली ठेवला. "मी कुठे? त्यांची मेलबॉक्स तर दिवाळीतच बंद केली ना आपण. मला वाटलं, तुम्ही करता ते आता."

"मी नाही करत."

"मग शेठ करत असतील." तिने बिस्कीट चहात बुडवलं. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

समाधान जागेवर आला. दिवाळीपासून म्हणजे कितीतरी महिने झाले. त्याने नोंदी उघडल्या. दर महिन्याला शालिग्रामच्या नावाने उत्तरं आली होती. तहरीम करायची तसं सरसकट काही नव्हतं. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या हजेरीची डिस्क काढायला सांगितली होती. एका दवाखान्याची ठेवली होती, आणि त्या दवाखान्याने ती मागच्याच आठवड्यात घाईघाईने परत मागून घेतली होती. समाधाननेच ती काढून दिली होती, आणि बरं झालं राहिली म्हणून हुश्शही केलं होतं.

उत्तराखाली शेरा लिहायला एक चौकट असते. ती कुणी भरत नाही. इथे प्रत्येक ठिकाणी भरलेली होती.

"राहू द्या. लागेल."

समाधानच्या मनात पाल चुकचुकली. मग त्याने स्वतःलाच समजावलं, की कुणीतरी गंमत करत असेल.

३

मननशेठला विचारलं तर ते हसले. वयाने समाधानपेक्षा लहान, पण गादीवर बसलेले. "आपोआप चालणारी कुठली तरी स्क्रिप्ट असेल हो समाधानभाऊ. शालिग्रामभाऊंनीच लावून ठेवली असेल जाताना. जुनी खोडं अशीच असतात."

हे पटण्यासारखं होतं. शेरा टाकणारी स्क्रिप्ट लिहायला पोरंसोरंही पुरतात. समाधान दोन दिवस तेवढ्यावर राहिला. पण जेवताना, गाडी लावताना, ते त्याच्या डोक्यात वळवळत राही. शेवटी त्याने एक परीक्षा घ्यायची ठरवली. स्क्रिप्टला डिस्कच्या आत काय आहे ते कळत नाही. त्याने एक नवी डिस्क बनवली, पूर्ण रिकामी. तिला नाव दिलं 'रुग्णांचे फोटो, महत्त्वाचे'. मालक शालिग्राम. आणि मालकाला विचारणा पाठवली.

कूलरमध्ये पाणी कमी होतं, तो नुसता गरम वारा फेकत होता. समाधान पाणी टाकायला उठला आणि परत आला तर उत्तर हजर होतं.

"हे रिकामं आहे. काढा."

त्याने मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. आत आता पाण्याचे जार ठेवायचे. तहरीम हेडफोन लावून गिऱ्हाइकाशी बोलत होती. टायरच्या दुकानातून हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता, तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

समाधानने रिकामी डिस्क काढून टाकली. मग 'देवपूर'ची नोंद उघडली. तिथेही महिन्यामहिन्याचे शेरे होते. सुरुवातीला तेच, राहू द्या, लागेल. नंतरचा शेरा वेगळा होता.

"राहू द्या. मी रोज बघतो."

४

"जेवना का रे तू?" आबांनी फोनवर अहिराणीत विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न कायम हाच.

"जेवनू. आबा, तुम्ही बरा शेतस ना?"

"बठ्ठं ठीक शे. तुना हापिसना माणूस येस ना रोज. तूच धाडस ना त्याले?"

समाधान ऑफिसच्या जिन्यात उभा होता. कठडा उन्हाने तापलेला होता आणि त्याने तो धरून ठेवला होता, हे त्याला हात भाजल्यावर कळलं.

"कोन माणूस?"

"आते नाव काय माहीत. बोलत नही तो काही. दुपारले येस, कपायले उलटा हात लावस, आनि बशी ऱ्हास समोर." आबा हसले. "हात ठंडा शे त्याना. उन्हायामा बरं वाटस."

"आबा, दार कोन उघाडस त्याले?"

"दार कशाले? तो घरमाच ऱ्हास."

शेजारच्या साबेराचाची आबांना दुपारची भाकरी द्यायच्या. समाधानने त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, दिवसभर मी ओट्यावरच असते बेटा, तुमच्या दारात माणूस काय, मांजरही आलेलं नाही. मग म्हणाल्या, की आबा हल्ली दोन कप चहा करतात, मला वाटलं एक माझ्यासाठी असेल.

समाधानने मोबाइलवर चित्रण उघडलं. खरं तर त्याला बघायचं नव्हतं. आदल्या दिवशीची दुपार. बैठक, हिरव्या पट्ट्यांची सतरंजी, कोपऱ्यात तांब्या झाकलेला. आबा खुर्चीत, डोक्यावर पांढरी टोपी. समोर दुसरी खुर्ची, रिकामी, आणि तिच्याकडे बघत आबा काहीतरी बोलताहेत. वर पंखा. बराच वेळ काही घडत नाही. मग आबा बोलणं थांबवतात, डोळे मिटतात आणि चेहरा थोडा वर करतात, न्हाव्यापुढे करतात तसा. त्यांच्या कपाळावरची टोपी हळूच मागे सरकते. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच असतात.

टोपी जराशी मागे राहते. मग पुन्हा जागेवर येते.

त्याने ते एवढंसं पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. पंख्याचा वारा असेल. टोपी सैल असेल, आबा वाळले आहेत. दरवेळी त्याला एक नवं कारण सापडे आणि दरवेळी ती टोपी कुणीतरी अदबीने सारावी तशी सरके.

५

उपाय उघड होता. डिस्कचा मालक बदलायचा. समाधानने अर्ज टाकला, नवा मालक समाधान पाटील. सिस्टिमच्या नियमाने जुन्या मालकाची संमती लागते, तशी विचारणा गेली. उत्तर लगेच आलं.

"राहू द्या. तुम्हाला वेळ नसतो."

हे वाचून त्याला भीतीपेक्षा आधी लाज वाटली. कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तो भांडला असता. पण ते खोटं नव्हतं. आबांना त्याने एक कॅमेरा दिला होता आणि आपण मुलगा असल्याचं काम त्या कॅमेऱ्यावर सोपवलं होतं.

त्याने डिस्क पुसायचा विचार केला. त्यालाही मालकाची संमती हवी, आणि शिवाय त्याचं बोट तिकडे वळेना. आत नुसतं चित्रण आहे, बाकी काही नाही, असं तो स्वतःला सांगत होता आणि तरी वळेना.

त्याच आठवड्यात मननशेठने सगळ्यांना बोलावलं. गिऱ्हाइकांकडून तपासणी होणार होती आणि गेलेल्या माणसाच्या नावावर इतका पसारा बरा दिसत नव्हता. "पगारपत्रकात ज्याचं नाव नाही, त्याच्या नावावरचं सगळं शनिवारी दुपारी उडवायचं. संमती-बिंमती काही नाही, वरूनच. कुणाचं काही असेल तर त्याआधी बदलून घ्या."

तहरीमने हसून समाधानकडे पाहिलं. त्याला हसता आलं नाही.

जागेवर आल्यावर त्याने पुन्हा अर्ज टाकला. नंतर आणखी एक. उत्तर आलं नाही. शुक्रवारी 'देवपूर'खाली नवा शेरा होता. अर्जाला ते उत्तर नव्हतं, कुणी न विचारता लिहिलेलं होतं.

"शनिवारी जातो. जे माझ्या नावावर आहे ते बरोबर नेतो."

समाधानने तिथल्या तिथे आबांना फोन लावला. "आबा, तुम्ही मनासंगे जयगावले चला. उद्या सकायलेच येस मी."

"तठे मी काय करू? आनि तो येई तवय त्याले कोन भेटी?" आबा म्हणाले. आवाजात कसलीही भीती नव्हती. "त्यानी सांगं माले, उद्या कुठे तरी जाणं शे म्हने. कपडा काढी ठेल शेतस मी."

"तो बोलस का तुमनासंगे?"

आबांनी विचार केला. "बोलत नही. पन समजस."

६

शनिवारी सकाळी मिळेल त्या पहिल्या एसटीने तो निघाला. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे गाडी जरूर नसताना थांबल्यासारखी वाटली. तो सीटवर टेकतच नव्हता. धुळ्यात उतरेपर्यंत दुपार होत आली. रिक्षा केली, पांझरेचा पूल ओलांडला. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. देवपुरात गल्लीच्या तोंडाशी साबेराचाची ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान हलवली, कुणी आलं नाही अशी.

आबा खुर्चीत होते. अंगावर धुवून इस्त्री केलेलं धोतर-सदरा, लग्नाकार्याला घालायचा. पायाशी एक पिशवी. स्टुलावर चहाचे दोन कप, एक रिकामा, एक भरलेला आणि साय धरलेला. समोरची खुर्ची कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी किंचित तिरकी होती.

"ऊना का?" आबा म्हणाले. "बस ना." पण हाताने दाखवली ती सतरंजी. खुर्ची दाखवली नाही.

समाधान सतरंजीवर बसला. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि पंखा थांबता थांबता येते तशी एक कुरकुर. पंखा मात्र जोरात फिरत होता. त्याने मोबाइल काढला. ऑफिसात झाडलोट सुरू झालेली होती. शालिग्रामच्या नावावरची एकेक डिस्क त्याच्या डोळ्यांसमोर जात होती. नावं वरून खाली पुसली जात होती आणि 'देवपूर' खाली होतं, पण फार खाली नव्हतं.

"आबा, तुमले कसं वाटस?"

"जरा झोप यी ऱ्हायनी," आबा म्हणाले. त्यांचे डोळे जड झाले होते. हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या बाजूला लोंबत होता, आणि बोटं अशी अर्धवट मिटलेली होती, की जणू कुणी ती धरली आहेत.

समाधानने शेवटचा अर्ज उघडला. आजवर कारणाच्या चौकटीत तो 'मालकी दुरुस्ती' असं काहीतरी लिहीत आला होता. आता त्याने लिहिलं, "भाऊ, हे माझे वडील आहेत. तुम्ही बघितलंत, उपकार झाले. आता मी बघतो. रोज हात लावून बघतो. सोडा त्यांना." आणि पाठवला.

वरचं एक नाव गेलं. त्याखालचं गेलं. समोरची खुर्ची फरशीवर थोडी सरकली. निदान आवाज तसा झाला. समाधानने वर पाहिलं नाही.

उत्तर आलं.

"घ्या. माझ्या जागी कुणाला तरी जवळ राहावं लागतं. हात लावल्याशिवाय राहू नका."

'देवपूर', मालक समाधान पाटील. उरलेली यादी भराभर पुसत गेली आणि शेवटी शालिग्राम हे नावही गेलं. कुरकुर थांबली. समाधानच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याने ते येऊ दिलं. हे सगळं खरं होतं की नव्हतं याच्याशी त्याला आता देणंघेणं नव्हतं. आबांची बोटं मोकळी झाली होती. ते सावरून नीट बसले होते आणि श्वास घेत होते.

"गया का तो?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"गया."

"मंग आज ताप कोन पाही?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं आणि चेहरा थोडा वर केला.

समाधान उठला, जवळ गेला. कितीतरी वर्षांत त्याने आबांच्या अंगाला हात लावला नव्हता. त्याने त्यांची टोपी बोटाने हलकेच मागे सारली आणि कपाळावर उलटा हात ठेवला. कपाळ कोमट होतं. आबांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं.

"तुना हात बी ठंडा शे रे," ते म्हणाले.

बाहेर ऊन असं होतं, की पत्रे कडकडत होते, आणि समाधान त्याच उन्हातून आलेला होता. त्याने दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. यादीची खिडकी आपोआप मिटून मागची उघडली होती, त्या बैठकीचं आताचं चित्र, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून. सतरंजी, झाकलेला तांब्या, दोन कप. खुर्चीत आबा, डोळे मिटलेले, चेहरा वर केलेला, टोपी मागे सरकलेली.

त्यांच्याजवळ कुणी नव्हतं.

समाधानने हात काढून घेतला. चित्रात टोपी हळूच जागेवर आली. आबांनी डोळे उघडले आणि त्याच्या पलीकडे, दाराकडे पाहिलं.

"समाधान," त्यांनी हाक मारली. "कुठे गया रे?"